ओळ दोनशे बारा

निवतीच्या किनाऱ्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
सोसायटीच्या खोलीत एक संगणक आहे.
त्याच्या कळांत वाळू जाते.
महिन्यातून एकदा मी कीबोर्ड उलटा धरून झटकते.

गेल्या नोव्हेंबरात पहाटे रापण ओढून झाली,
बांगड्यांचा ढीग अजून तडफडत होता
आणि पडद्यावर आलं : तुमची मुदत संपली आहे,
नूतनीकरणासाठी विक्रेत्याशी संपर्क साधा.
विक्रेता कोल्हापुरात झोपलेला.
नावं आमची, आकडे आमचे, सात वर्षांचा हिशेब आमचा,
कुलूप त्याचं.
बस्त्यांव मेंडिस म्हणाला,
"म्हंजे आमी आमच्याच वयेत भाड्यान रवत होतव?"
त्या दिवशी वाटे काठीनं वाळूत लिहिले.
भरती आली, हिशेब गेला.

तेव्हापासून रात्री लिहीत बसले. आता वाटे माझा प्रोग्रॅम करतो :
जाळ्याचा, होडीचा, तांडेलाचा दीडपट,
शाळा बुडवून दोरीला लागलेल्या पोराचा पाव.
आणि ओळ दोनशे बारा :
यशोदा खवणेकर, अर्धा वाटा, हजर नसली तरी.
हे कुणी ठरवलं, विचारलं तर सगळे समुद्राकडे बघतात.
मी तसंच उतरवून घेतलं.

मग रत्नागिरीहून एका कंपनीचा फोन.
सगळ्या किनाऱ्यावर नेऊ म्हणाले,
परवाना कुठला लावलाय?
मला परवाने माहीत होते ते होडीचे, डिझेलचे,
आणि नाक्यावरच्या बारच्या भिंतीवर चौकटीत टांगलेला एक.

वाचायला बसले.
एक इतका लहान की विहिरीवरच्या पाटीत मावेल :
पाणी न्या, विका, नाव तेवढं पुसू नका,
पाय घसरला तर आमच्या नावानं बोंबलू नका.
एक फुकट, पण बाठा काढून दिलेल्या आंब्यासारखा,
खा, रुजवायचा विचार करू नका.
एकात आतलं सगळं दिसतं, काचेपलीकडच्या देवासारखं;
हात लावलात तर वकील येतो.
आणि एक लांबलचक, तलाठ्याच्या दप्तरासारखा, थोडा चिडका :
घ्या, मोडा, हवं तसं बदला,
पण दुसऱ्याच्या हाती द्याल तेव्हा
तुमच्या बदलांसकट उघडंच द्या.

तो मी बस्त्यांवला मालवणीत वाचून दाखवला.
तो जाळं विणत होता. सुई थांबली नाही.
"आणि तेंनी ती यशोदेची ओळ काढल्यानी तर?"
काढू शकतात, म्हटलं. कुठलाच कागद त्यांना अडवत नाही.
फक्त ह्या शेवटच्यात काढलेली लपवता येत नाही,
ज्यांना प्रोग्रॅम देतील, त्यांना दिसेल
इथे एक ओळ होती.
सुई थांबली.
"दिसांदे," तो म्हणाला. "तितक्या पुरे."

कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर अजून नाही.
विहिरीवरची पाटी लावली असती तर,
वहिनी म्हणते, एव्हाना पैसे आले असते.
असतीलही.

एक गंमत मात्र लक्षात राहिली.
कोल्हापूरवाल्याचा कुलूपबंद करार असो की हा उघडा,
तळाशी दोघांत तेच कलम, तसंच ठळक अक्षरांत :
कशाचीही हमी नाही.
हे लिहायला वकील कशाला,
इथे रोज सकाळी बंदरावर उभं राहिलं की कळतं.

शेवटी एक जागा रिकामी राहिली : हक्क कोणाचे, साल, नाव.
माझं टाकलं. खोडलं.
मग हजेरीचं रजिस्टर काढून एकेचाळीस नावं टाकली,
दोरी ओढणाऱ्यांची. बेचाळिसावं यशोदेचं.
सोळा नावांचं शुद्धलेखन कुणालाच खात्रीनं येईना.
बस्त्यांव चष्मा लावून आपलं नाव
एकेक अक्षर बोटाखाली घेत वाचत होता.
मग म्हणाला, "अनुस्वार खय गेलो?"